कोळ्याच्या नावावर खपवलेले गुन्हे

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचे तीन प्रश्न आहेत. यंदाच्या पावसात त्या पुण्याहून सासरच्या जुन्या कौलारू घरी राहायला आल्या. आठवडाभरातच मुलाच्या मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा उठला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक पुटकुळ्या आल्या. सासूबाई म्हणाल्या, कोळी मुतला. यजमान म्हणाले, कोळी चावला. शेजारच्या काकी म्हणाल्या, नागीण दिसतेय, उतरवून घ्या. आता ताईंना विचारायचंय: घरभर पेस्ट कंट्रोल करावं का? न्हाणीघरात दिसणारा तळहाताएवढा कोळी विषारी आहे का? आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, ऐन वाटेवर पिवळ्या-काळ्या भल्याथोरल्या कोळ्याने जाळं घातलंय, त्याचं काय करायचं?

मी कोळी आणि त्यांच्या आठपायी भाऊबंदांवर काम करतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानात रात्री टॉर्च घेऊन हिंडायचं, नोंदी करायच्या, नमुने तपासायचे, हा माझा उद्योग. मी डॉक्टर नाही. तरीही फोनवर मला कोळ्यांपेक्षा लोकांच्या चट्ट्यांचेच फोटो जास्त येतात. ‘हा कुठल्या कोळ्याचा?’ असं विचारलेलं असतं, आणि बहुतेकांना मी ‘कुठल्याच नाही’ हेच उत्तर देतो. ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीतही माझं उत्तर तेच आहे.

आधी ‘मुतण्या’बद्दल. कोळी आपल्यासारखी लघवी करत नाही. त्याच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन बराचसा ग्वानिन नावाच्या पांढऱ्या पदार्थाच्या रूपात, विष्ठेबरोबरच बाहेर पडतो. हा पदार्थ पाण्यात जवळपास विरघळत नाही. माळ्याच्या कोपऱ्यात जळमट असेल तर त्याच्या बरोबर खाली भिंतीवर आणि फरशीवर बघा, पांढरे-काळे बारीक ठिपके दिसतील. तेच ते. ओल्या फडक्याने पुसले की जातात आणि हाताला लागले तरी काही होत नाही. कातडी जाळेल असं त्यांच्यात काही नसतं.

मानेवरचा पट्टा बहुधा एका भुंगेऱ्यामुळे उठला असणार. शास्त्रीय नाव पीडेरस. आपल्याकडे त्याला सर्रास वापरात असलेलं नावच नाही, आणि त्याचा दोष कोळ्यावर जातो याचं अर्धं कारण हेच असावं. लांबी जेमतेम सात ते दहा मिलिमीटर. डोकं काळं, मान-छातीचा भाग नारिंगी, मागे निळसर चकाकणारे तोकडे पंख, मग नारिंगी पोट आणि शेवटचं टोक पुन्हा काळं. पंख इतके आखूड की पोट उघडंच राहतं, त्यामुळे बघणाऱ्याला तो भुंगेरा न वाटता मुंगी वाटते. डिवचला की पोटाचं टोक वर उचलतो. लोक समजतात आता डंख मारणार, पण त्याला नांगी नसते आणि तो चावतही नाही. त्याच्या शरीरातल्या द्रवात पीडेरिन नावाचं जहाल रसायन असतं, आणि तेही तो स्वतः बनवत नाही, मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवतात. ट्यूबलाइटच्या उजेडाला आलेला हा किडा मानेवर बसला, मुलाने झोपेत हात मारून तो तिथेच चिरडला आणि तसाच खाली पुसत नेला की रसायन एका रेघेत पसरतं. पट्टा लांबट असतो तो यामुळे.

खरी मेख पुढे आहे. चिरडल्या क्षणी काहीच होत नाही. जळजळ आणि लाली बहुधा एका-दोन दिवसांनी उमटते. तोवर किडा विसरलेला असतो, केरात गेलेला असतो. सकाळी उठून चट्टा बघायचा आणि वर मान केली तर कोपऱ्यात कोण दिसतो? कोळी! तो तिथे कालही होता, परवाही होता आणि उद्याही असेल. आरोपी म्हणून याहून सोयीचा कोण मिळणार?

कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत हा प्रकार झाला तर एक खूण पक्की मिळते. घडी मिटली की एका बाजूचं रसायन दुसऱ्या बाजूला लागतं आणि समोरासमोर दोन जुळे चट्टे उठतात. अशी जोडी दिसली की त्वचारोगतज्ज्ञ लांबूनच ओळखतात.

भातशेतीजवळच्या घरांत पावसाळ्यात आणि भात कापायच्या दिवसांत हे प्रमाण वाढतं, कारण हा भुंगेरा राहतो भाताच्या ओल्या शेतात. तिथे तो तुडतुड्यांसारख्या किडी खातो, म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. तेव्हा त्याच्यावर राग काढण्यातही अर्थ नाही. अंगावर दिसला तर चिरडू नका. फुंकर मारा किंवा कागदाच्या कडेने ढकलून द्या, आणि ती जागा साबणाने धुवा. चिरडला गेलाच असेल तर लगेच भरपूर साबण-पाण्याने धुवा, हातही धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजतो आणि ते दुखणं फार वाईट. पट्टा उठल्यावर चुना, टूथपेस्ट, झाडपाल्याचा लेप यातलं काहीही नको. साधा चट्टा दोनेक आठवड्यांत उतरतो, मागे काळसर डाग काही काळ राहतो. मूल लहान आहे आणि जागा मानेची आहे, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

शेजारच्या काकींचं मात्र पूर्ण उडवून लावू नका. नागीण असू शकते, फक्त ती उतरवायची गोष्ट नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून राहतो आणि पुढे कधीतरी एखाद्या मज्जातंतूच्या पट्ट्यात उठतो. त्यामुळे पुरळ बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला येतं, आणि आधी दोन-तीन दिवस तिथे ठणका असतो. वेटोळं पूर्ण होऊन दोन टोकं जुळली की माणूस मरतो, हे खोटं. पण त्या भीतीपायी लोक आधी उतरवणाऱ्याकडे जातात आणि खरं नुकसान तिथे होतं. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. वयस्क माणसाच्या कपाळावर किंवा डोळ्याजवळ असे फोड आले तर एक दिवसही थांबू नये.

आता तुमचा न्हाणीघरातला पाहुणा. अंग चपटं, रंग तपकिरी, पाय बाजूंना पसरलेले, दिवा लावला की सरकन कपाटामागे जातो आणि जाळं कुठेच दिसत नाही, असं असेल तर तो हंट्समन जातीचा कोळी. तो जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसत नाही, रात्री भिंतीवर फिरून शिकार करतो, आणि त्याची आवडती शिकार म्हणजे झुरळ. कधी त्याच्या पोटाखाली पांढरट चपटी चकती दिसते. ती मादीने सांभाळलेली अंड्यांची पिशवी. केळीच्या घडांबरोबर आणि जहाजांतल्या मालाबरोबर हा कोळी जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचलाय. मुठीत दाबून धरलात तर चावेल आणि थोडा वेळ दुखेल, पण आपण होऊन अंगावर येत नाही. भिंतीवरून तो आपल्या दिशेने पळत आला तर ती चढाई नसते, त्याला जवळची काळोखी फट गाठायची असते.

विषारी आहे का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘हो’ असं आहे. मोजकी कुळं सोडली तर सगळ्याच कोळ्यांना विष असतं, कारण भक्ष्य लुळं पाडायचं त्यांचं तेच साधन. पण ते विष माशी, डास, झुरळ यांच्या मापाचं असतं. कित्येक कोळ्यांच्या दातांना आपली कातडी धड भेदताही येत नाही. जगात २०२२ साली कोळ्यांच्या ज्ञात जातींनी ५०,००० चा आकडा ओलांडला. त्यातल्या माणसाला खरोखर धोकादायक जाती अगदी मोजक्या, आणि गोव्याच्या घरांत रोज दिसणाऱ्या कोळ्यांत त्यांतली एकही नाही.

माळ्यावरच्या, लांब केसासारख्या पायांच्या कोळ्याबद्दल कॉलेजातली मुलं हमखास एक गोष्ट सांगतात. याचं विष म्हणे जगात सर्वांत जहाल, पण दात तोकडे म्हणून आपण वाचलो. हे निखालस खोटं. त्याच्या विषाचा सस्तन प्राण्यांवर फारसा परिणाम होत नाही. गोष्ट पसरली ती बहुधा या कोळ्याच्या एका खऱ्या करामतीमुळे. हा काडीपैलवान स्वतःहून मोठ्या, दांडग्या कोळ्यांनाही मारून खातो. मागच्या पायांनी लांबूनच धागे फेकून आधी त्याला बांधतो, मग चावतो. एकदा खुर्चीवर चढून त्याला नीट बघा. बोटाने जाळं किंचित हलवलं की तो जागच्या जागी एवढा जोरात गरगरतो की नुसता धूसर ठिपका दिसतो, पक्ष्याची चोच नेम धरणार तरी कशी! मादीच्या तोंडात कधी फिकट मण्यांचा घोसच दिसतो. ती तिची अंडी. दोन-चार धाग्यांनी सैल बांधलेली, पिल्लं बाहेर पडेपर्यंत जबड्यात धरून ठेवलेली. चवथीच्या साफसफाईत आपण कुंच्याच्या एका फटकाऱ्यात हे सगळं काढतो. काढा, माझी हरकत नाही, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची तर छत स्वच्छ हवंच. मात्र माटोळीच्या सुपाऱ्यांच्या आणि रानफळांच्या घडांबरोबर दोन-चार नवे कोळी पुन्हा घरात येणार, हे धरूनच चाला.

दिवसा भिंतीवर टुणटुण उड्या मारतो तो वेगळा. बुटका, केसाळ, पुढे दोन मोठे डोळे. बोट जवळ नेलं की पळायच्या आधी वळून बघतो. कोळ्यांत सगळ्यात तीक्ष्ण नजर या उड्या मारणाऱ्यांची. डास दिसला की मांजरासारखा दबत-दबत जातो. घरात पाळायचाच झाला तर मी हा पाळेन.

आणि झोपेत माणूस वर्षाला आठ कोळी गिळतो म्हणतात, ती कुणीतरी रचलेली थाप आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास, घोरणं, छातीचे ठोके हे सगळं कोळ्याला थरथरीतून कळतं, आणि थरथर म्हणजे धोका. तो तोंडाजवळ कशाला येईल?

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, कोळी निर्दोष, पण दोष गेला त्याच्यावर तर बिघडलं कुठे? बिघडतं ते त्याचं नाही, आपलं बिघडतं. ‘कोळी चावला असेल’ म्हटलं की घरातली चौकशी तिथेच बंद होते. मला तीन गोष्टींची धास्ती वाटते, आणि तिन्ही गोव्यात होतात.

पहिली म्हणजे मण्यार. हा साप रात्रीचा, घराच्या आसपास फिरणारा, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावणारा. त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही आणि खूण इतकी पुसट की शोधूनही सापडत नाही. माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो, घसा धरल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं, किंवा अंगावर बारीक लाल ठिपका दिसला तर, कसला तरी किडा नाहीतर कोळी चावला. तेवढ्यात पापण्या जड व्हायला लागतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, आणि त्यानंतर श्वासाचे स्नायू बंद पडतात. पापण्या मिटायला लागणं ही खूण कुणीही पाठ करून ठेवावी. ती दिसली तर १०८ बोलवा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात, म्हणजे आपल्याकडे बांबोळीला किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात न्या. भारतात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, पण ती वेळेत मिळाली पाहिजे. आणि जुन्या घरात पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी एवढं केलं तरी साप, विंचू, डास आणि तो भुंगेराही बाहेर राहतो.

दुसरी गोष्ट कोळ्याच्याच दूरच्या नातलगाची, एका माइटची. झुडपांत, गवतात त्याच्या अळ्या असतात, डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या. ती चावते ती जागा दुखत नाही, पण काही दिवसांनी तिथे काळी कोरडी खपली धरते, सिगारेटने डाग दिल्यासारखी, बरेचदा काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, जिथे कुणी बघत नाही. मागोमाग जोराचा ताप. हा स्क्रब टायफस. काळी खपली बघून लोक ‘विषारी कोळी’ म्हणून मोकळे होतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो. न ओळखला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं धरतो. ताप घेऊन दवाखान्यात गेलात तर अंगावरची अशी खपली आपण होऊन दाखवा, लाज धरू नका.

तिसरी तुमच्या शेजारच्या तालुक्यातली, म्हणून सविस्तर सांगतो. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ साली, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात. नावात माकड आहे म्हणून लोक माकडाला घाबरतात, त्याच्यावर दगड मारतात. माकड तर आपल्याआधी मरतं बिचारं. विषाणू वाहून आणते ती गोचीड, आणि गोचीड म्हणजे कोळ्याच्याच मोठ्या गोतावळ्यातली. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहा पाय, पुढच्या अवस्थेपासून आठ. माणसाला चावते ती बहुधा ही मधली, खसखशीएवढी अवस्था. मेलेल्या माकडाचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि पाचोळ्यात पसरतात. हिवाळा संपता-संपता काजूचा हंगाम सुरू होतो, माणसं बोंडू गोळा करायला त्याच पाचोळ्यात वाकतात, आणि दुखण्याचा हंगामही नेमका तोच असतो. सीमेपलीकडे दोडामार्गातही हेच झालं. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही, तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकायचं कारण नाही. बागायतीत जाताना अंगभर कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल लावा, आणि घरी आलात की गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवायला टाका. अंगाला गोचीड चिकटलेली दिसली तर काडीने चटका देऊ नका, रॉकेल ओतू नका. चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ ओढा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

आता बघा, न्हाणीघरातला तळहाताएवढा कोळी बघून किंकाळी फुटते आणि खसखशीएवढी गोचीड झटकून आपण जेवायला बसतो. आकारावरून भीती मोजायची ही खोड विंचवाच्या बाबतीतही आहे. काळी भलीमोठी इंगळी बघून सगळे मागे सरतात, पण कोकणात माणसं दगावली ती लहानशा तांबड्या विंचवाने. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून कित्येकांचे जीव वाचवले. विंचवाच्या पिल्लांनी आईला खाल्लं, असंही ऐकायला मिळतं. ती तिच्या पाठीवर बसून पहिली कात टाकेपर्यंत फिरत असतात, एवढंच. बिऱ्हाड पाठीवर घेण्याची म्हण ज्याने केली त्याने विंचू नीट बघितला होता.

बाकीच्यांना झटपट हातावेगळं करतो. पाल विषारी नसते. दुधात पडली तर दूध फेकायचं ते तिच्या अंगावरच्या आणि पोटातल्या जंतूंमुळे, विषामुळे नाही. सापसुरळी चकाकते म्हणून विषारी ठरते, तीही नाही. गोम कानात शिरून मेंदूपर्यंत जात नाही, मध्ये कानाचा पडदा असतो. तिचा चावा मात्र सणसणीत दुखतो, तेवढं खरं. आणि पावसात कुळागरात खणताना गांडुळासारखं पण जाड, चकचकीत, तोंड असलेलं काही निघालं तर ‘आंधळा साप’ म्हणून कुदळ घालू नका. तो देवगांडूळ, म्हणजे बेडकांचा बिनपायांचा नातलग. तो चावून कुणी मेलेलं नाही. २००४ साली बोंडल्याच्या अभयारण्यातून त्याची एक नवी जात जगापुढे आली आणि २००७ साली आणखी एकीला तर गोव्याचंच नाव मिळालं. तुमच्या परसात जगात इतरत्र नसलेला प्राणी निघू शकतो, हे मला फुशारकीने सांगावंसं वाटतं.

आता पेस्ट कंट्रोल. कोळ्यांसाठी करू नका, पैसे वाया जातील. फवारलेलं औषध जमिनीवर, भिंतीवर बसतं. झुरळ पोट घासत चालतं, मिशा-पाय चाटतं, म्हणून त्याला ते बाधतं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, जळमटातला तर खाली उतरतच नाही. त्यामुळे तो बराचसा वाचतो, मरतं ते त्याचं भक्ष्य, आणि घरात रांगणाऱ्या मुलाची तब्येत बिघडते. भातशेतीत याच चुकीची मोठी किंमत मोजून झालीय. इंडोनेशियात फवारण्यांनी कोळी आणि इतर भक्षक मेले आणि तपकिरी तुडतुड्यांनी उभी पिकं बसवली. शेवटी १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली.

त्यापेक्षा दिवा बदला. पडवीतली पांढरी ट्यूब काढून पिवळसर उजेडाचा बल्ब लावा, आणि शक्य असेल तर तो दाराच्या डोक्यावर न लावता चार-पाच हात लांब लावा. पांढऱ्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी आणि पाली येतात, त्यांच्या जोडीला तुमच्या मुलाची मान भाजणारा भुंगेराही. झोपायच्या खोलीला बारीक जाळी बसवा. गाद्यांच्या वरचं जळमट आठवड्याला काढा, माळ्यावरचं राहू द्या. हंट्समन सासूबाईंना अगदीच नको असेल तर त्याच्यावर पारदर्शक डबा पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि लाकडांच्या खोपटात नेऊन सोडा.

राहिली कुळागरातली बाई. बाईच म्हणायला हवं, कारण एवढा मोठा कोळी दिसला की ती मादी असते. जायंट वुड स्पायडर म्हणतात तिला. बोंडला, मोले, नेत्रावळी, म्हादईच्या रानांत पावसाळा सरता-सरता वाटोवाट दिसते. तिचं नुसतं अंग पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतं, पाय वेगळे. तिरप्या उन्हात बघा, धागा खरोखर सोनेरी दिसतो. मादागास्करमध्ये तिच्या एका नातलग जातीच्या दहा लाखांहून जास्त कोळ्यांचा धागा काढून सोनेरी वस्त्र विणलं होतं, ते २००९ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांनी पाहिलं. जाळ्याच्या वरच्या कडेला नीट शोधलंत तर तांबूस, मुंगीएवढा एक कोळी सापडेल. तो तिचा नवरा, पाच-सहा मिलिमीटरचा. मीलनाच्या वेळी तो मध्येच उतरून तिच्या पाठीवर धागे घालतो, त्याने ती शांत राहते आणि त्याला खाण्याची शक्यता कमी होते. ‘कोळीण नवऱ्याला खातेच’ हा सिनेमावाल्यांचा समज. काही जातींत होतं, काहींत क्वचित, आणि कित्येकांत नाहीच. त्याच जाळ्यात चकाकणारे चंदेरी ठिपके हलताना दिसले तर ते तिसरेच कोळी. स्वतःचं जाळं न घालता तिच्या जाळ्यातल्या बारक्या माशा पळवणारे.

कुळागरापर्यंत गेलातच तर काजूच्या खोडावर लाल ओंबिलांची, आपल्या हुमल्यांची रांग असेल, तीही बघा. सगळे सरळ चाललेले असताना एखादा थांबत-थांबत, अडखळत चालतो. त्याचे पाय मोजा. आठ भरतील. पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून धरलेला तो कोळीच, मुंगीचं सोंग घेतलेला. बोट लावलंत की धाग्यावरून खाली उडी टाकेल. मुंगी असं कधी करत नाही.

त्या वुड स्पायडरचं जाळं वाटेवर आडवं असेल तर झाडू मारून पाडू नका. एका काठीने ज्या बाजूने तुम्हाला जायचंय त्या बाजूचे, झाडाला बांधलेले दोन-तीन जाड धागे सोडवा आणि ते दुसऱ्या बाजूच्या पोफळीला चिकटवून टाका. ती दचकून वर पळेल, थोड्या वेळाने खाली येईल. दोन-तीन दिवस सलग असं केलंत तर वाट सोडून बाजूला जाळं घालेल. कामाला येणाऱ्या बायकांना तेवढं सांगून ठेवा, नाहीतर सकाळी सुपाऱ्या वेचायला पहिली येते तीच ते तोंडाने तोडते.